घरी शिकणाऱ्या मुलांचे सण, हातच्या भेटी आणि नव्या वर्षाचे संकल्प : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मुलांना शाळेत न घालता घरीच शिकवणाऱ्या कुटुंबांना वेळापत्रकापेक्षा सणवार जास्त अडचणीत टाकतात. शाळा सुट्टी देते म्हणून सण साजरा होतो अशी सवय आपल्याला लागलेली असते, आणि शाळाच नसली की सण म्हणजे अभ्यासात आलेला खंड वाटू लागतो. आमचे मत नेमके उलटे आहे. घरी शिकणाऱ्या मुलाच्या वर्षाला आकार देणारी गोष्ट सणच आहेत, आणि त्यांच्या निमित्ताने हाताने केलेल्या वस्तू हा त्या वर्षातला सर्वांत भरीव अभ्यास आहे. पुढील उत्तरे याच समजुतीवर उभी आहेत.

आमच्या घरी जूनमध्ये काहीच सुरू होत नाही. मग नवे वर्ष कोणत्या दिवसापासून धरावे?

मराठी घराला वर्ष सुरू करण्यासाठी दिवसांची उणीव नाही. चैत्र शुद्ध प्रतिपदेला शालिवाहन शक बदलतो, कार्तिक शुद्ध प्रतिपदेला व्यापारी नव्या वह्यांची पूजा करतात आणि १ जानेवारीला भिंतीवरची दिनदर्शिका बदलते. आम्ही गुढीपाडवा धरतो आणि नव्याने सुरुवात करणाऱ्या कुटुंबांनाही तोच सुचवतो. दिवस मोठे होऊ लागलेले असतात, आणि पुढे लगेच कैऱ्या, लोणची, कुरडया-पापडांची वाळवणे असा हंगाम येत असल्याने ठरवलेले काम हाताने सुरू करायला वाव मिळतो. सकाळी गुढी उभारावी, कडुलिंबाची कोवळी पाने, गूळ, ओवा, हिंग आणि मीठ एकत्र वाटून सर्वांनी खावे, आणि दुपारच्या जेवणानंतर घरातल्या लहानथोर सर्वांनी बसून वर्षाचे बोलणे करावे.

२०२६ चा पाडवा १९ मार्चचा. त्या दिवशी शके १९४८ सुरू होते. इसवी सनातून ७८ वजा केले की शक मिळतो, पण पाडव्याच्या आधीच्या दिवसांसाठी ७९ का वजा करावे लागतात, हे आठ-नऊ वर्षांच्या मुलाला स्वतःच शोधू द्यावे. १ जानेवारीला काही करूच नये असे नाही. मित्रमंडळी तो दिवस साजरा करत असतील तर मुलांनीही करावा. संकल्पांसाठी मात्र एकच दिवस पक्का असावा.

मुलांनी वर्षभराचा संकल्प करावा का?

आमच्या मते करू नये. वर्षभराची मुदत लहान मुलाच्या डोळ्यांपुढे उभीच राहत नाही, आणि मोठ्यांचाही उत्साह बहुधा पहिल्या महिन्यातच ओसरतो. याबाबतीत आपल्याकडच्या व्रतांची घडण फार शहाणपणाची आहे. चातुर्मासाचा नेम धरणारी आजी आषाढी एकादशीला काय सोडायचे किंवा रोज काय करायचे ते ठरवते, चार महिने ते निगुतीने पाळते, आणि कार्तिकी एकादशी झाली की नेम सोडते. मोठे व्रत असेल तर त्याचे उद्यापन करून चार माणसांना जेवू घालते. मुदत आधीच ठरलेली आहे, काम रोजचे पण लहान आहे, आणि शेवट चारचौघांच्या साक्षीने होतो. मुलांच्या संकल्पात या तीन गोष्टी असल्या म्हणजे पुरे.

उदाहरणार्थ, ‘मी यंदा मोडी शिकणार’ हा संकल्प नव्हे. ‘आषाढीपासून कार्तिकीपर्यंत रोज अर्धे पान मोडी लिहीन’ हा नेम आहे, आणि शेवटच्या दिवशी घरातला किंवा नात्यातल्या कोणाच्या कपाटातला एखादा जुना मोडी कागद आजोबांसमोर वाचून दाखवणे हे त्याचे उद्यापन आहे. पाडव्यापासून आषाढीपर्यंत एक, आषाढीपासून कार्तिकीपर्यंत दुसरा आणि कार्तिकीपासून होळीपर्यंत तिसरा, अशी वर्षाची वाटणी केली तर मुलाला वर्षात तीन वेळा काही तरी पुरे केल्याचा अनुभव मिळतो. पाढे, पावकी-निमकी, तबल्याचा रियाज, अंगणात येणाऱ्या पक्ष्यांची रोजची नोंद, आजीला संध्याकाळी मोठ्याने वाचून दाखवणे, असे काहीही चालते. फक्त ते मोजता आले पाहिजे आणि दिसले पाहिजे.

एक काळजी घ्यावी. ‘मी शहाण्यासारखे वागेन’, ‘मोबाइल कमी बघेन’, ‘भावाशी भांडणार नाही’ असे संकल्प मुले लिहितात तेव्हा त्यांच्या तोंडून आई-वडील बोलत असतात. असे संकल्प वहीत उतरवूच नयेत. आणि मोठ्यांनीही नेम धरावा, मुलांना त्याची विचारणा करू द्यावी. वडील रोज एक भाकरी थापायला शिकत आहेत आणि ती फाटली तरी दुसऱ्या दिवशी परातीपुढे बसत आहेत, हे पाहणाऱ्या मुलाला चिकाटीवर वेगळे काही सांगावे लागत नाही.

नेम मध्येच मोडला तर?

चुकलेल्या दिवसाची भरपाई दुसऱ्या दिवशी दुप्पट करून घेऊ नये. त्या दिवसाची जागा कोरी ठेवून पुढे चालावे. सलग आठवडाभर मोडत असेल तर नेम मोठा झाला आहे, तो निम्मा करावा. मुलाला तो नकोसाच झाला असेल तर बसून बोलावे, आणि सोडायचाच ठरला तर तोही मोकळेपणाने सांगून सोडावा, गुपचूप विरू देऊ नये.

घरी केलेल्या भेटींची सुरुवात कोठून करावी? कोणत्या वयाला काय जमते?

सुरुवात वस्तूपासून करू नये, माणसापासून करावी. आत्याला काय लागते, शेजारच्या काकूंना काय आवडते, गावच्या आजोबांना थंडीत काय उपयोगी पडेल, हे मुलाने आधी सांगावे. इंटरनेटवर पाहिलेली शोभेची वस्तू बनवून मग ती कोणाला द्यावी याचा विचार करणे म्हणजे घेणाऱ्याच्या घरात अडगळ वाढवणे होय.

चार-पाच वर्षांच्या मुलाला तीळ निवडता येतात, शेंगदाणे सोलता येतात, पणत्या रंगवता येतात आणि कुंडीत अहळीव पेरता येतो. तोच अहळीव पुढे दिवाळीच्या किल्ल्यावर गवत म्हणून शोभतो. सहा-सात वर्षांच्या मुलाला उटण्याचे मिश्रण करता येते : मसूर डाळीचे पीठ, आंबेहळद, नागरमोथा, वाळा, कचोरा, गुलाबाच्या वाळलेल्या पाकळ्या आणि संत्र्याच्या सालीची पूड. यातली संत्र्याची साल वर्षाचे नियोजन शिकवते, कारण नागपुरी संत्र्याचा मृग बहार फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास बाजारात येतो आणि त्या वेळी सावलीत वाळवून बरणीत ठेवलेली साल दिवाळीच्या अभ्यंगस्नानाला कामी येते. कापडाच्या लहान पुरचुंड्यांत बांधलेले असे उटणे साऱ्या नातेवाइकांना पुरते आणि कोणाच्या घरी ते पडून राहत नाही.

आठ-नऊ वर्षांपुढे आकाशकंदील हाती घ्यावा. बांबूच्या कामट्या सारख्या लांबीच्या कापल्या नाहीत तर चौकोन दोऱ्याने बांधतानाच सांगाडा एका अंगाला कलतो, आणि तो पुन्हा सोडून बांधण्याशिवाय गत्यंतर नसते. पतंगाचा कागद चिकटवायला मैद्याची खळ घरी शिजवावी. खळीला कीड लागू नये म्हणून तिच्यात मोरचूद घालण्याची जुनी रीत आहे, परंतु मोरचूद विषारी असल्याने मुलांच्या हाती जाणाऱ्या खळीत तो कदापि घालू नये. खळ ताजी करावी आणि संपवावी. कागदाच्या करंज्या आणि खालच्या झिरमिळ्या धाकट्यांनी कापाव्यात.

शिवणकाम मुलग्यांनाही द्यावे का, आणि त्यातून भेट काय करावी?

मुलगा असो वा मुलगी, सुई-दोरा सर्वांच्या हाती द्यावा. त्यातून करण्याजोगी सर्वांत सुंदर भेट म्हणजे नात्यात नवे बाळ येणार असेल तेव्हाचा बाळंतविडा. दुपटी, झबली, टोपडे, कुंची, लाळेरी हे सारे पूर्वी घरातच शिवले जाई. मुलांनी दुपट्यापासून आरंभ करावा. आजीचे वापरून मऊ झालेले सुती लुगडे घ्यावे, विरलेला भाग कापून काढावा, दोन पदर एकावर एक घालून कडा आत दुमडाव्यात आणि मोठे टाके घालून ते आधी टाचून घ्यावे. त्यानंतर कडेपासून आत येत साधा धावदोरा घालावा. पहिल्या ओळीतले टाके लांबडे आणि वाकडे येतात, चौथ्या-पाचव्या ओळीपर्यंत ते आपोआप सारखे होऊ लागतात, आणि हा फरक कापडावरच राहतो. तो उसवू नये. टाचलेला दोरा मात्र शेवटी आठवणीने काढावा, आणि बाळाच्या कपड्याला मणी, टिकल्या किंवा बटणे लावू नयेत. ती सुटून बाळाच्या तोंडात जाण्याचा धोका असतो.

संक्रांतीचा तिळगूळ मुलांकडून करून घेणे सुरक्षित आहे का?

कामे वाटून दिली तर आहे. अर्धा किलो तिळांना अर्धा किलो चिक्कीचा गूळ, वाटीभर भाजलेल्या शेंगदाण्यांचे जाडसर कूट, अर्धी वाटी डाळं, थोडे किसलेले भाजके सुके खोबरे आणि वेलदोड्याची पूड, असे सर्वसाधारण प्रमाण असते. तीळ मंद आचेवर भाजताना तडतडू लागले की उतरवावेत. लालसर होण्याची वाट पाहिली तर ते कडवट होतात. गूळ चमचाभर तुपात विरघळवावा, त्यात पाणी घालू नये. पाक झाला की नाही हे ठरवण्याचे काम मुलाला द्यावे. वाटीत गार पाणी घेऊन मोठ्यांनी त्यात पाकाचा थेंब सोडावा. तो पसरला तर पाक कच्चा आहे. त्याची मऊ गोळी वळली तर वडी चांगली होईल, आणि ती गोळी गार झाल्यावर ताटलीत टाकताच टण असा आवाज आला तर लाडू खुसखुशीत होतील. डोळे, बोटे आणि कान तिन्ही लावून करायची ही परीक्षा मुले कमालीच्या गांभीर्याने करतात.

उकळता गूळ त्वचेला चिकटून राहतो आणि खोल भाजतो, म्हणून गॅसजवळ मोठे माणूसच असावे आणि गरम मिश्रणाचे लाडू दहा-बारा वर्षांखालील मुलांनी वळू नयेत. त्यांच्यासाठी वडी थापून, ती कोमट झाल्यावर कापायला द्यावी.

काटेरी हलवा हे याहून सोशिक काम आहे. परातीत मंद आचेवर तीळ किंवा साबुदाणा घेऊन चमचा-चमचा पाक सोडत बोटांनी सतत फिरवत राहावे लागते, आणि त्यात काही दिवस जातात. थंडी असली की काटा चांगला फुलतो. नात्यातल्या लहानग्याचे बोरन्हाण असेल किंवा नव्या सुनेची पहिली संक्रांत असेल, तर त्या हलव्याचे दागिने ओवून देणे ही घरातल्या किशोरवयीन मुलांची भेट होऊ शकते.

मुलाने केलेली वस्तू ओबडधोबड दिसते. देण्यापूर्वी ती आपण नीट करावी का?

नाही. मुलाच्या कामावर मोठ्यांनी हात फिरवला की वस्तू देखणी होते, पण ती मुलाची राहत नाही, आणि हे मुलाला आपल्याआधी कळते. तरीही ‘मुलाने केले आहे ना, मग चालेल’ ही भूमिकाही आम्हाला पटत नाही. भेट वापरण्याजोगी असलीच पाहिजे. पिशवीचा बंद सामान घालताच तुटत असेल किंवा पणती गळत असेल, तर ती द्यायची नाही, पुन्हा करायची, आणि हे मुलाला सरळ सांगायचे. रंग कसेही असोत, टाका वाकडा असो, त्याला हात लावायचा नाही. उपयोगात उणे असेल तर सोडायचे नाही. ही रेघ पालकांनी एकदा आखून घेतली की रोजचे वाद बरेच मिटतात. वेळ कमी पडला तर कमी वस्तू कराव्यात.

मग प्रत्येक सणातून गणित, विज्ञान, इतिहास शिकवावे का?

सणाचा धडा करू नये, ही आमची कळकळीची विनंती आहे. कंदील बांधणाऱ्या मुलाला मध्येच थांबवून कोनांची नावे विचारली की कंदीलही बिघडतो आणि भूमितीही. हाताच्या कामातून शिक्षण व्हावे हा विचार महाराष्ट्राला नवा नाही. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्याला महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली, तिच्यानंतर डॉ. झाकीर हुसेन समितीने आराखडा तयार केला आणि त्यातून नई तालीम ही शिक्षणपद्धती उभी राहिली. सूतकताई, शेती यांसारखा उद्योग तिच्या केंद्रस्थानी होता. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डीत आणि पुढे कोसबाडच्या आदिवासी मुलांमध्ये काम करताना पाने, बिया, काड्या, शंख-शिंपले अशा भोवतालच्या वस्तूंनाच शैक्षणिक साधने बनवले. या साऱ्या प्रयोगांत काम खरे होते, आणि आमचाही आग्रह त्याच खरेपणाचा आहे. हिशोब लागतो तेव्हा हिशोब करावा : किती माणसांना तिळगूळ द्यायचा, त्याला तीळ किती, खर्च किती.

मूल आपणहून प्रश्न विचारते तेव्हा मात्र खोलात शिरावे. अधिक महिना का येतो, हा असा प्रश्न आहे. चांद्रवर्ष सुमारे ३५४ दिवसांचे आणि सौरवर्ष सुमारे ३६५ दिवसांचे, म्हणजे दर वर्षी सुमारे ११ दिवसांचा फरक साठत जातो आणि साधारण पावणेतीन वर्षांनी एक महिना जास्तीचा धरावा लागतो. शके १९४८ मध्ये अधिक ज्येष्ठ आहे, १७ मे ते १५ जून २०२६. त्या महिन्यात जावयाला अनारशांचे वाण देतात. तांदूळ तीन दिवस रोज पाणी बदलत भिजवून, कापडावर सुकवून, कुटून त्यात गूळ मिसळायचा आणि ते पीठ मुरू द्यायचे, हे काम मुलांना सुरुवातीपासून पाहू आणि करू द्यावे.

नातेवाईक विचारतात, ‘सणवारच चालले आहेत, मग अभ्यास कधी? आणि हे कायद्याला चालते का?’

पहिल्या प्रश्नाला उत्तर म्हणून मुलाने केलेली भेटच त्यांच्या हाती द्यावी. वादात पडू नये. दुसऱ्याबाबत एवढे सांगावे की बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ हा १ एप्रिल २०१० पासून लागू आहे आणि तो ६ ते १४ वयोगटासाठी आहे. त्यात मुलाला शाळेत दाखल करणे हे पालकांचे कर्तव्य म्हटले आहे, मात्र त्यासाठी पालकांना शिक्षेची तरतूद नाही आणि घरी शिकवण्याचा वेगळा उल्लेखही नाही. पुढे राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेतून दहावीच्या तोडीची परीक्षा देता येते. त्यासाठी वयाची १४ वर्षे पूर्ण लागतात आणि ती मराठी माध्यमातूनही देता येते. राज्य मंडळाची परीक्षा द्यायची असल्यास, शाळेत न जाता खासगीरीत्या बसणाऱ्यांसाठी असलेल्या १७ नंबरच्या अर्जाच्या अटी वर्षभर आधीच पाहून ठेवाव्यात.

जुन्या प्रथा जशाच्या तशा पाळाव्यात की बदलाव्यात?

ज्या प्रथेत कोणाला दाराबाहेर ठेवले जाते ती बदलावी. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंतच्या हळदीकुंकवाला आमच्या घरी विधवा मावशी-काकूंनाही तितक्याच मानाने बोलावले जाते आणि वाण मुलांच्या हातून दिले जाते. दोघी बहिणीच असतील तर त्यांनी भाऊबीजेला एकमेकींना ओवाळावे. या गोष्टी मुलांना समजावून सांगण्याची गरज पडत नाही. त्या घरात घडल्या की रीत होतात. ज्या प्रथांना असा काच नाही, त्या मात्र मुलांना कंटाळा आला म्हणून लगेच सोडू नयेत. चैत्रात अंगणात रोज चैत्रांगण काढणे चौथ्या दिवशी कंटाळवाणे वाटते, आणि महिना संपताना तीच बोटे शंख, चक्र, पाळणा, गाय न पाहता रेखाटतात.

घरात एकच मूल आहे. त्याला हे सारे एकटे वाटणार नाही का?

वाटेल, म्हणून एकट्याने करू नये. किल्ला सोसायटीच्या आवारात करावा, शेजारच्या मुलांना माती कालवायला बोलवावे, हस्त नक्षत्रात भोंडला घालावा आणि खिरापत मुलाने स्वतः करून इतरांना ओळखायला लावावी. शाळेत जाणारी मुले यासाठी हमखास वेळ काढतात.

आम्ही परदेशात राहतो. तेथे हे कसे जमवावे?

आधी तेथील कायदा पाहावा. अमेरिकेच्या सर्व ५० राज्यांत घरी शिकवणे कायदेशीर आहे, परंतु नोंदणी आणि मूल्यमापनाचे नियम राज्यागणिक निराळे आहेत. जर्मनीत मुलांनी शाळेतच जाणे सक्तीचे आहे. सणांचे म्हणाल तर तिथी गाठण्याचा फार अट्टहास करू नये, लागूनच्या सुट्टीच्या दिवशी करावे. भारतातल्या आजी-आजोबांना पाठवायची भेट मात्र हातचीच असावी आणि ती पोहोचायला लागणारा वेळ धरून निदान महिनाभर आधी तयार असावी. मराठीत स्वतः लिहिलेले चार ओळींचे पत्र सोबत असल्याशिवाय पार्सल बंद करू नये.

यावर खर्च किती येतो?

बाजारातल्या भेटींपेक्षा बहुधा कमीच, पण फुकटात होते असे मानू नये. चांगले तीळ, चांगला कागद, चांगली सुई आणि धारदार कात्री यांत काटकसर करू नये. बोथट हत्याराने मुलाचा धीर सुटतो.

या सगळ्याची नोंद ठेवावी का?

ठेवावी, आणि ती मुलांनीच ठेवावी. एक जाड वही पुरते. कोणाला कोणत्या सणाला काय दिले, किती सामान लागले, काय उरले, काय कमी पडले आणि काम कधी सुरू केले एवढेच लिहावे. नेमांची पाने वेगळी असावीत आणि प्रत्येक नेमाखाली उद्यापनाची तारीख लिहावी. छायाचित्रे चिकटवण्यापेक्षा दुपट्याच्या कापडाचा तुकडा किंवा कंदिलाच्या कागदाची पट्टी चिकटवावी. पुढच्या वर्षी तीळ आणायला निघताना पहिल्यांदा ही वही उघडावी, म्हणजे अर्धा किलो पुरतील की पाऊण किलो, हे तीच सांगते.